जंतूंचे अंगरखे आणि आमची सुलोचनाक्का

रोहिणीचा फोन आला तेव्हा मी देवराज मार्केटात नंजनगुडची केळी निवडत होते. रोहिणी ही सुलोचनाक्काची भाची. मैसूरच्या मराठी घरातली, पण मराठी बेताचंच. वाक्य मराठीत सुरू करते आणि संपेपर्यंत कन्नडमध्ये पोचते. त्या दिवशी तिनं मराठीचा प्रयत्नच केला नाही. "माधवी आंटी, अक्का होगबिट्ट्रु," एवढंच म्हणाली. अक्का गेली... दुपारी जेवून खुर्चीत बसली, पेपर उघडला, आणि पेपर मांडीवर तसाच राहिला. मी तिथेच, केळ्यांच्या ढिगासमोर रडायला लागले. केळीवाल्याला वाटलं भाव ऐकून रडते आहे. तो बिचारा घाबरून भाव उतरवायला लागला. थोड्या वेळानं मी रोहिणीला विचारलं, "शेवटचं काय बोलली गं?" पलीकडून हुंदका आला आणि मग उत्तर आलं, "चित्रान्नात लिंबू कमी पडलंय म्हणाली." आणि आम्ही दोघी, एक घरात मृताशेजारी उभी आणि एक भरबाजारात, एकदम हसलो.

त्याला आता दोन महिने होत आले. मी कितीदा लिहायला बसले. पण बसलं की डोळ्यांसमोर येते ती हसणारीच अक्का, आणि गंभीर काही लिहायचं राहून जातं. शेवटी ठरवलं, जशी येते तशीच लिहावी.

माझं माहेर सांगलीचं. नवऱ्याला बेळगोळच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून लग्नानंतर मैसूरला आले. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलेलं, आणि कन्नडचा एक शब्द येत नव्हता. नवरा सकाळी कंपनीच्या बसनं गेला की संध्याकाळपर्यंत बोलायला घरात कुणी नाही. एकदा ब्लाउज शिवायला टाकायचे म्हणून शेजारणीनं सांगितलेल्या दुकानात गेले. दुकानात एक शिंपी मशीनवर वाकलेला, आणि त्याच्यासमोर चाळिशीतली एक उंच बाई कापडाच्या ताग्यावर कोपर टेकून त्याच्याशी भांडत होती. भांडण चक्क मराठीत!

"एवढासा तुकडा दे की रे मलमलीचा. आंबील गाळायला पाहिजे."

"अक्का, ते गिऱ्हाईकाचं कापड आहे!"

"गिऱ्हाईक काय मोजून बघणार? सुम्ने, उगाच कुरकुर करतोस."

"तुम्ही मराठी?" मी जवळजवळ ओरडलेच. दोघंही माझ्याकडे वळले. "मग काय चिनी?" ती बाई म्हणाली आणि इतक्या मोठ्यानं हसली की मशीनवरची कात्री थरथरल्याचं मला आठवतं. हीच सुलोचनाक्का. मशीनवरचा तिचा धाकटा भाऊ, गोविंदण्णा. तिनं मला स्टुलावर बसवलं आणि पहिल्या पाच मिनिटांत घराण्याचा इतिहास सांगून टाकला. खापरपणजोबांच्याही आधीचे कुणी कापड रंगवायला, शिवायला म्हणून इकडे आले. "गाव कुठलं ते विसरले बघ. विठोबा आणि भाषा तेवढी विसरले नाहीत. भाषासुद्धा आता अर्धी कन्नड झालीये, विठोबाला चालतंय, परवागिल्ला." मग माझी चौकशी सुरू झाली. शिक्षण ऐकल्यावर तिनं कपाळावर हात मारला. "अय्यो देवरे! मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. आणि घरात बसून काय करतेस, दही लावतेस? उद्या माझ्याकडे ये. बघून जा नुसतं. नाही आवडलं तर परत दही लावायला मोकळी."

मी दुसऱ्या दिवशी गेले आणि तिच्या निवृत्तीपर्यंत तिथेच राहिले. आधी मदतनीस, मग तिची विद्यार्थिनी, मग सहकारी. सुरुवातीला मी 'मॅडम, तुम्ही' म्हणत असे. आठवडाभर तिनं ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "घरात दारात सगळे मला अक्का म्हणतात, माझी भाचीसुद्धा आत्या म्हणायचं सोडून अक्काच म्हणते. तू कोण मोठी लागून गेलीस?" तेव्हापासून ती माझी अक्का, आणि अगंतुगंवरची.

शहरातल्या एका संशोधन संस्थेत तिची प्रयोगशाळा होती. आतड्यात राहणारे जीवाणू आणि शरीराची प्रतिकारशक्ती यांचं एकमेकांशी कसं जमतं, हा तिचा आयुष्यभराचा प्रश्न. पहिल्याच दिवशी तिनं मला खिडकीपाशी उभं केलं आणि स्वतःच्या पदराचं टोक माझ्या बोटांत दिलं. "आतड्याची भिंत याहून पातळ. एका पेशीच्या जाडीची. तिच्या त्या बाजूला कोट्यवधी जंतू, आणि ह्या बाजूला आपलं सैन्य, शस्त्रं घेऊन तयार. तरी रोज लढाई होत नाही. का होत नाही, सांग?" मी पुस्तकातलं काहीतरी सांगायला लागले. तिनं थांबवलं. "आम्ही शिंपी. दुकानात माणूस आला की तोंडाच्या आधी त्याचा कपडा बघतो. सैन्यही तेच करतं. जंतूच्या मनात काय आहे ते कोण बघायला जातंय? अंगरखा बघतात."

अंगरखा म्हणजे जीवाणूचं बाहेरचं आवरण, त्याचा पडदा. मेदाचे आणि साखरेचे रेणू गुंफून तो झालेला असतो. काही जीवाणूंच्या या पडद्याच्या सगळ्यात बाहेरच्या थरात एक मोठा रेणू असतो, लिपोपॉलिसॅकराइड नावाचा. आम्ही त्याला एलपीएस म्हणतो. त्याचं एक टोक मेदाचं असतं आणि त्या टोकाला शेपट्या असतात. सहा शेपट्यांचा रेणू दिसला की आपल्या पांढऱ्या पेशी बोंब ठोकतात, ताप येतो, सूज येते, आग होते. तेच चार-पाच शेपट्या असतील तर त्या बहुधा दुर्लक्ष करतात, कधीकधी तर आधीची बोंबही आवरती घेतात. काही जीवाणूंच्या पडद्यात असेही मेद असतात की ते सैन्याला चक्क शांत राहायला शिकवतात. एवढ्याशा फरकावर आपलं पोट सुखात राहणार की धुमसणार हे पुष्कळदा ठरतं. हे सगळं अक्का मला, संस्थेतल्या शिपायाला, भाजीवालीला आणि विठ्ठलाच्या देवळातल्या पुजाऱ्याला सारख्याच उत्साहानं सांगे. पुजाऱ्यानं एकदा तिला विचारलं होतं, "मग अंगरखा बदलला तर चोर साव होतो का?" अक्का आठवडाभर त्या प्रश्नावर खूश होती. "बघ माधवी, काय विचारलं त्यानं! होतो की. काही जंतू शेपट्या कमी करून गुपचूप आत शिरतात."

तिच्याबद्दलची माझी सगळ्यात लाडकी आठवण पाण्याची आहे. नाचणीच्या आंबिलीत वाढणारा एक अगदी सज्जन जीवाणू आम्ही घेतला होता आणि त्याच्या पडद्यातला एक रेणू शुद्ध करून पांढऱ्या पेशींवर घालून बघत होतो. निकाल धक्कादायक आले. पेशींनी अशी काही बोंब ठोकली, की जणू शत्रूच आला. पिढ्यान्‌पिढ्या लोक ज्याची आंबील पितात तो जीवाणू आग लावतो! संचालक खूश झाले. बेंगळुरूच्या मोठ्या परिषदेत अक्काचं भाषण ठरलं. माझा पीएच.डी.चा सगळा प्रबंध याच निकालावर उभा होता. पण जसजशी तारीख जवळ आली तसतशी अक्का अस्वस्थ व्हायला लागली. "चिमूटभर रेणू आणि एवढी बोंब? मला पटत नाही गं. रेशीम फाडलं तर गोणपाट फाटल्याचा आवाज येतोय."

तेव्हा तिनं एक प्रयोग सुचवला. एलपीएसला घट्ट चिकटून त्याला निकामी करणारं एक औषध असतं. आमच्या सज्जन जीवाणूच्या अंगरख्यात एलपीएस नसतंच. त्यामुळे हे औषध घातलं तरी बोंब तशीच राहायला हवी होती. मी औषध घातलं... आणि पेशी गप्प झाल्या. पार गप्प. म्हणजे बोंब आमच्या रेणूमुळे नव्हतीच. कुठूनतरी दुसऱ्याच जीवाणूचा अंगरखा आमच्या नमुन्यात येऊन बसला होता. आम्ही काचसामान तपासलं, रसायनं तपासली, आणि शेवटी ऊर्ध्वपातित पाणी जिच्यातून यायचं ती नळी कापून पाहिली. आतून बुळबुळीत थर. "पण आपण पाणी उकळून घेत होतो की!" मी म्हणाले. "उकळून जंतू मरतो, माधवी," अक्का म्हणाली. "अंगरखा मरत नाही."

माझी एवढ्या वर्षांची मेहनत त्या नळीतून वाहून गेली होती. मी टेबलावर डोकं ठेवून रडत होते. वर बघितलं तर अक्का खुर्चीत मागे रेलून हसत होती. आवाज न करता, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अगं, इतकी वर्षं आपण... पाण्याची मुलाखत घेत होतो!" मला आधी तिचा भयंकर राग आला. मग मलाही हसू आलं. असं कडू-गोड हसू मी पुन्हा कधी हसले नाही.

संचालकांनी सुचवलं की तब्येतीचं कारण सांगून भाषण रद्द करावं. अक्का म्हणाली, माझी तब्येत ठणठणीत आहे. ती बेंगळुरूला गेली, मलाही नेलं. व्यासपीठावर उभी राहून तिनं सभागृहाला सांगितलं, "आज मी एका सज्जन जंतूची बदनामी करणार होते. त्याची माफी मागून त्याच्याऐवजी माझ्या प्रयोगशाळेतल्या एका नळीची हकिगत सांगते." आणि खरोखर नळीची हकिगत सांगितली. शंका कशी आली, चूक कशी सापडली, काचसामान ओव्हनच्या कोरड्या कडक आचेवर कसं भाजून काढायचं, सगळं. लोक आधी हसले, मग एकदम शांत झाले. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांचा चेहरा मला अजून आठवतो. त्यांच्या मनात स्वतःची नळी आली असणार हे स्पष्ट दिसत होतं. चहाच्या वेळी अक्काभोवती घोळका जमला. एकेकजण हळूच बाजूला घेऊन विचारी, "मॅडम, ते औषध किती घालायचं?" त्या परिषदेत तिच्याइतका चहा कुणाचाच निवला नसेल. माझी डॉक्टरेट उशिरा झाली. ती झाली त्या दिवशी अक्कानं पेढे वाटले आणि प्रत्येकाला सांगितलं, "घ्या, बिनपाण्याची डॉक्टरेट आहे."

त्यानंतर आम्ही माणसाच्या पोटातल्या जीवाणूंकडे वळलो. त्यासाठी निरोगी माणसांच्या शौचाचे नमुने हवे होते. समितीची परवानगी झाली, पण नमुने देणार कोण? अक्कानं आपली गल्लीच कामाला लावली. घरोघरी जाऊन, समजावून सांगून, सही घेऊन तिनं झाकणाचे छोटे डबे वाटले. नमुने संस्थेत आणून द्यायचे असं तिनं बजावलं होतं. पण गल्लीतल्या मंडळींना संस्था लांब पडे, आणि गोविंदण्णाचं दुकान कोपऱ्यावर. एका सकाळी गोविंदण्णा शटर उघडतो तर पायरीवर डबे ओळीनं मांडलेले. एका आजोबांनी तर थेट काउंटरवर ठेवला आणि वर विचारलं, "कधी मिळेल?" गोविंदण्णाचा ओरडा म्हणे दोन गल्ल्यांपलीकडे ऐकू गेला. "लोक इथे पोलकी शिवायला येतात, अक्का! पोलकी!" अक्का शांतपणे डबे पिशवीत भरत म्हणाली, "ओरडू नको. बीपी वाढलं तर तुझा नमुना चालायचा नाही."

आणि त्याच डब्यांपैकी एकात आम्हाला तो जीवाणू सापडला. त्याच्या पडद्यातला एक मेद पांढऱ्या पेशींवर घातला की पेटलेल्या पेशी निवायच्या. या वेळी पाणी, काच, हवा, सगळं पुन्हा पुन्हा तपासून झालं होतं. आतडं सुजवलेल्या उंदरांना दिला, तर त्यांची सूजही बरीच उतरली. डब्यांवर नावं नव्हती, नुसते क्रमांक. त्यामुळे तो जीवाणू नेमका कुणाच्या पोटातला, हे आम्हालाही कधी कळलं नाही. पण गल्लीला बातमी लागली आणि प्रत्येकानं श्रेय घेतलं. काउंटरवाले आजोबा तर शेवटपर्यंत सांगत होते की तो त्यांचाच.

याच आनंदाच्या दिवसांत रोहिणी आजारी पडली. गोविंदण्णाची एकुलती एक मुलगी, नुकतीच कॉलेजात गेलेली. पोटात कळा, शौचातून रक्त, वजन उतरलेलं. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं, अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण. म्हणजे शरीराचं सैन्य स्वतःच्याच भिंतीवर तुटून पडलेलं. जो आजार अक्का आयुष्यभर उंदरांमध्ये बघत आली, तो तिच्या घरात जिना चढून आला होता.

अक्का त्याच घरात वरच्या मजल्यावर एकटी राहायची. लग्न तिनं केलं नव्हतं. रोहिणी तिच्याच अंगाखांद्यावर वाढली. मी अक्काला भेटायला गेले होते त्या संध्याकाळी गोविंदण्णा वर आला. दारातच उभा राहिला. "अक्का, उंदरांना देतेस ते माझ्या पोरीला का देत नाहीस?"

अक्कानं त्याच्याकडे खुर्ची सरकवली. तो बसला नाही.

"आपल्याच गल्लीतलं आहे ना ते? कदाचित माझ्याच पोटातलं असेल. बापाचं लेकीला द्यायला काय हरकत आहे?"

"गोविंदा," अक्का म्हणाली, "उंदीर बरा झाला नाही तर मी दुसरा उंदीर घेते. दुसरी रोहिणी कुठून आणू?" मग खाली मान घालून तिनं हळूहळू समजावलं. रोहिणीच्या आतड्याची भिंत ठिकठिकाणी फाटली आहे. भिंत धड असताना पलीकडे सुखानं राहणारा जंतू फाटक्या भिंतीतून आत शिरला तर काय करील, हे कुणालाच ठाऊक नाही. आम्ही ते माणसात बघितलेलं नाही. "डॉक्टरांचं औषध हजारो माणसांनी घेतलंय. माझं अजून एकानंही नाही. पहिली रोहिणी नको."

"मग इतकी वर्षं वर बसून काय केलंस तू?" गोविंदण्णा म्हणाला आणि जिना उतरून गेला. अक्का उठली, आमचे कॉफीचे पेले विसळले आणि म्हणाली, "त्याचा प्रश्न चुकीचा नाही गं..."

गोविंदण्णानं अक्काशी बोलणं टाकलं. खालून तिच्यासाठी जेवणाचा डबा रोज वर येई, पण शब्द येत नसे. अक्का मात्र रोज रोहिणीपाशी. हॉस्पिटलात तिच्या उशाशी, घरी तिच्या पलंगाशी. स्टेरॉइड्सनी रोहिणीचा चेहरा सुजून चंद्रासारखा गोल झाला तेव्हा तिनं आरशावर टॉवेल टाकला. अक्का तिच्यासमोर बसली, स्वतःचे दोन्ही गाल फुगवले आणि तशीच बसून राहिली. डॉक्टर आले तरी गाल सोडले नाहीत. रोहिणी हसेपर्यंत नाही सोडले. पोटातल्या जीवाणूंना रोहिणीनं 'भाडेकरू' असं नाव दिलं होतं. मग रोज सकाळी अक्का आकाशवाणीवरच्या निवेदिकेचा आवाज काढून भाडेकरूंच्या बातम्या द्यायची. आज तळमजल्यावर शांतता आहे; मधल्या मजल्यावर किरकोळ बाचाबाची झाली; घरमालकीणबाईंनी दोन घास भात खाल्ल्यामुळे सर्व भाडेकरू संतुष्ट आहेत. शेजारच्या खाटेवरच्या बाई कन्नड, त्यांना यातलं अवाक्षर कळत नसे. पण बातम्या चुकल्या की त्यासुद्धा विचारायच्या, "इवत्तु न्यूज इल्लवा?" आज बातम्या नाहीत का?

औषधं लागू पडली. एकदम नाही; मधे दोनदा आजार उलटला, पुन्हा हॉस्पिटल झालं. पण हळूहळू रक्त थांबलं, वजन वाढलं, गाल उतरले. एक दिवस डॉक्टरांनी नळी घालून आत पाहिलं आणि सांगितलं, भिंत गुळगुळीत दिसते आहे. त्या दिवशी संध्याकाळी गोविंदण्णा जिना चढून वर आला. गळ्यात टेप. मी तिथे नव्हते, पण अक्कानं हा प्रसंग मला इतक्यांदा सांगितला आहे की मी तिथे असल्यासारखंच वाटतं.

"हात वर कर, अक्का."

"कशाला रे?"

"कोट शिवायचाय पांढरा. खांद्यावर उसवलेला घालून फिरतेस, गल्लीत माझी अब्रू जाते."

अक्कानं हात वर केले. त्यानं माप घेतलं. खांदे, छाती, बाह्या. लिहून घेतलं नाही काही, त्याला लागतही नसे. मग टेप गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "उगाच बोललो मी." अक्का म्हणाली, "खिसे चार कर." बस्स, एवढंच. कोट आला तो असा नीटस की संस्थेत तिला लोक बाहेरून आलेली पाहुणी समजले. निवृत्तीला थोडाच काळ राहिला होता, म्हणून तो फार दिवस प्रयोगशाळेत वापरला गेला नाही. पुढे ती तो घालून घरी पुरणपोळ्या करायची. खिशात वेलदोडे.

त्या मेदाच्या रेणूचं पुढे काय झालं, असं लोक मला विचारतात. आमचा शोधनिबंध छापून आला. परदेशातल्या काही प्रयोगशाळांनी आपल्या पद्धतीनं तोच प्रश्न पुढे नेला. बाटलीत भरून दुकानात ठेवता येईल असं औषध त्यातून अजून झालेलं नाही, कदाचित आमच्या रेणूचं होणारही नाही. अक्काला याची खंत असावी असं मला वाटे. निवृत्तीनंतर एकदा कुक्करहळ्ळीच्या तळ्याकाठी फिरताना मी विचारलंच. ती पाण्यातल्या पक्ष्यांकडे बघत होती. म्हणाली, "अगं, आपल्या पोटात कोट्यवधी परके राहतात आणि बहुतेक दिवस भांडण होत नाही. हे किती थोर आहे! ते कसं जमतं ते थोडंसं मला बघायला मिळालं. आता आणि काय पाहिजे? चल, मिरची भजी खाऊ."

रोहिणी आता हेब्बाळच्या एका मोठ्या कंपनीत काम करते. वर्षातून एकदा तपासणीला जाते, गोळ्या नियमानं घेते, आणि तिखटाच्या बाबतीत कुणाचंही ऐकत नाही. अक्का थकल्यावर तिचं सगळं तिनंच केलं. वरच्या मजल्यावर अक्काला जिना जमेना तेव्हा तिची खाट खाली आणली, आणि मग रोज सकाळी बातम्या द्यायची पाळी रोहिणीची आली. अर्ध्या कन्नड, अर्ध्या मराठी. गुडघ्यांच्या, डोळ्यांच्या, कवळीच्या बातम्या. अक्का खाटेवरून दुरुस्त्या सुचवायची.

अक्कामध्ये एकच दोष होता, आणि तो सांगायलाच हवा. ती भयंकर बेसूर होती. दर एकादशीला गल्लीतल्या विठ्ठलाच्या देवळात बायकांचं भजन असतं. अक्का लहानपणापासून त्यात पहिल्या रांगेत. आवाज खणखणीत, उत्साह दांडगा, आणि सूर ज्या गावाला असेल त्याच्या शेजारच्या गावाला ती. तिच्या मागे बसलेल्या बायकांचे सूर तिच्या मागोमाग घसरत जायचे. पेटीवाले काका दर कडव्याला पट्टी बदलून तिला गाठायचा प्रयत्न करायचे आणि शेवटी भाता मारत नुसते बसून राहायचे. तिला कुणी कधी काही बोललं नाही. बोललं असतं तरी तिला पटलं नसतं. स्वतः फार छान गाते अशी तिची पक्की समजूत होती.

अक्का गेल्यापासून भजन बंद होतं; ते गेल्या एकादशीला पुन्हा सुरू होणार म्हणून रोहिणी मला देवळात घेऊन गेली. गोविंदण्णाही टाळ घेऊन खांबाशी बसला होता. भजन सुरू झालं, आणि सगळं सुरात. स्वच्छ, गोड, पेटीला धरून. पेटीवाले काका तर डोळे मिटून वाजवत होते. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, आणि आवाज हळूहळू लहान होत गेले. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कुणालातरी हुंदका आला. भजन मधेच थांबलं.

तेव्हा पहिल्या रांगेतून रोहिणीनं सूर लावला. रोहिणी चांगली गाते, रीतसर शिकलेली आहे. तिनं नीट श्वास घेतला आणि मुद्दाम, ठासून, खणखणीत बेसूर ओढला. मग मागच्या रांगेतली एक आजी खुदकन हसली आणि तिनं तोच सूर धरला. तिच्यामागून दुसरीनं, मग सगळ्यांनी. मी, माझ्या सांगलीच्या मराठीत, तोंड उघडून त्यांच्यात. पेटीवाल्या काकांनी डोळे उघडले, मान हलवली आणि पट्टी शोधायला लागले. गोविंदण्णाचा टाळ केव्हाच चुकला होता. तो रडत होता, हसत होता आणि मोठमोठ्यानं गात होता.